मुंबईत पाहुणी आणि तीस किलोमीटरचा लाँग रन: स्ट्राव्हाच्या हीटमॅपचा रिव्ह्यू

साताऱ्यात पळायचं तर रस्ता शोधायला लागत नाही. समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट धरला की कासच्या रस्त्याला पाय नेतील तिथपर्यंत जायचं आणि परत यायचं, पाण्याची बाटली कुठल्या दगडामागे ठेवायची ते सुद्धा ठरलेलं. अडचण होते ती परगावी गेल्यावर. लग्नकार्य असो नाहीतर ऑफिसचं काम, ट्रेनिंगचं वेळापत्रक काही थांबत नाही, आणि जानेवारीतल्या मुंबईच्या फुल मॅरेथॉनला नाव घातलेलं असेल तर डिसेंबरातला तीस किलोमीटरचा लाँग रन सोडून चालतच नाही.

दोन वर्षांपूर्वी अशीच एका मोठ्या शहरात लग्नाला गेले होते, तेव्हा फोनमधल्या एका नकाशाच्या ॲपला "पायी" असं सांगून बारा किलोमीटरचा रस्ता काढला आणि त्या रस्त्याने मला पहाटे साडेपाचला उड्डाणपुलावर नेऊन सोडलं. फूटपाथ नाही, कठड्याला चिकटून चालायला दीड हात जागा, बाजूने ट्रक जाताना वाऱ्याने अंग हलायचं. परत फिरायचं तर गाड्या समोरून, पुढे जायचं तर पाठीमागून. तो पूल मी चालत उतरले, पळाले नाही, आणि घरी येऊन कोणाला सांगितलंही नाही कारण सांगितलं असतं तर पुढच्या वेळी एकटीला कोणी बाहेर सोडलं नसतं.

म्हणून या डिसेंबरात भाच्याच्या साखरपुड्याला ताईकडे दादरला पाच दिवस राहायचं ठरलं तेव्हा मी आधीच ठरवलं की यावेळी रस्ता नीट शोधून जायचं. शनिवारी छोटा, रविवारी पहाटे तीस, सोमवारी आराम आणि मंगळवारी पायांना जमेल तसं काहीतरी चढाचं. रस्ता शोधायला स्ट्राव्हाचा हीटमॅप वापरला. बऱ्याच जणी विचारतात की त्याचा खरंच उपयोग होतो का, पैसे भरावेत का, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्ट्राव्हा हे ॲप २००९ पासून आहे, आपण पळतो, सायकल चालवतो त्याची नोंद घड्याळातून किंवा फोनमधून त्यावर जाते. अशा कोट्यवधी लोकांच्या नोंदी एकमेकींवर ठेवून नकाशा रंगवला की हीटमॅप तयार होतो. जिथून जास्त लोक गेले तिथली रेष जाड आणि झळाळती, जिथून क्वचित कोणी गेलं तिथे पुसट. ज्यांनी आपली नोंद खाजगी ठेवलीय त्यांची त्यात धरत नाहीत. २०१८ च्या जानेवारीत याच नकाशावर दूरदूरच्या वाळवंटातले लष्करी तळ उजळलेले दिसले होते आणि जगभर बातमी झाली होती, आठवत असेल, कारण तिथले सैनिक तळाच्या कुंपणाच्या आतून गोल गोल पळायचे आणि नोंद चालू असायची. म्हणजे हा नकाशा किती बारीक दाखवतो बघा.

नुसता हीटमॅप कॉम्प्युटरवर फुकट बघता येतो. त्यावरून स्वतःचा रूट आखून घड्याळात घ्यायचा, गेल्या सात दिवसांतला वेगळा नकाशा बघायचा, अंधारात कुठे लोक पळतात ते वेगळं बघायचं, यासाठी सबस्क्रिप्शन लागतं. माझं आहे. नसतं तरी शोधण्याचं निम्मं काम फुकटात झालं असतं हे आधीच सांगते.

शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर ताईच्या डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडला. मुंबई अशी दिसते की नुसता समुद्राचा काठच पेटलाय. नरिमन पॉइंटपासून चौपाटीपर्यंत मरीन ड्राइव्हची कमान, मग वरळी, मग बांद्र्याचं बँडस्टँड आणि कार्टर रोड, मग जुहू. आतल्या बाजूला शिवाजी पार्क एखाद्या दिव्यासारखं, आणि वर बोरिवलीला जंगलात घुसणारी एक वाकडीतिकडी रेष. ताई मुंबईत तीस वर्षं राहतेय, ती म्हणाली, "अगं, आम्हाला जिथे जिथे हवा खायला जावंसं वाटतं तेच सगळं आहे की यात."

पण नुसतं झळाळतंय म्हणून तिकडे पळत सुटायचं नसतं, ही रेष वाचता आली पाहिजे. मला यातलं काही जमायला दोन वर्षं गेली म्हणून नीट सांगते.

सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे सी लिंक. बांद्रा-वरळी सी लिंक हीटमॅपवर छान उजळलेला दिसतो, ५.६ किलोमीटरचा सरळ पूल, दोन्ही बाजूंना समुद्र, कोणालाही वाटेल याच्यासारखा लाँग रनचा रस्ता नाही. आणि एरवी त्यावर पायी जायला बंदी आहे, दुचाकी आणि रिक्षाला सुद्धा. मग रेष कुठून आली? मॅरेथॉनच्या दिवशी हजारो लोक एकदम त्यावरून जातात, २००४ पासून ही मॅरेथॉन होतेय आणि पूल झाल्यापासून तो मार्गात आहे, तर त्या एका सकाळची सगळी ऊब तिथे साठलेली. नकाशा एवढंच सांगतो की इथून लोक पळालेत. उद्या सकाळी तुम्हाला सोडतील का, हे तो सांगत नाही. यावर उपाय म्हणजे गेल्या आठवड्याचा नकाशा लावायचा. जी रेष त्यातही जाड आहे ती रोजची, जी गायब होते ती शर्यतीची किंवा कधीतरीची.

दुसरं म्हणजे फिल्टर. सगळे खेळ एकत्र ठेवले की हायवे सुद्धा पेटलेले दिसतात, कारण सायकलवाले पहाटे हायवेने जातात. फक्त पळण्याचं लावलं की ते विझतात. तिसरी गोष्ट मला फार आवडते, जुहूला रेष नाहीच, पट्टा आहे, रुंद फिकट पट्टा. कारण भरती-ओहोटीप्रमाणे घट्ट वाळू रोज सरकते आणि माणसंही तिच्याबरोबर सरकतात. असा पट्टा दिसला की समजायचं इथे आधी ओहोटीची वेळ बघायला लागणार. आणि छोटा घट्ट गुंडाळलेला गोळा दिसला तर ते मैदान किंवा ट्रॅक असतो, तिथे तीस किलोमीटर मारायचे तर डोकं गरगरेल, पण पाणी, संडास आणि माणसं तिथे नक्की असणार.

आम्हा बायकांसाठी अंधारातला नकाशा सगळ्यात कामाचा. डिसेंबरात मुंबईत सूर्य उगवतो सात वाजून गेल्यावर, आणि तीस किलोमीटर संपवून माणसांत यायचं तर पाचला निघायलाच लागतं, म्हणजे पहिले दोन तास काळोखातले. दिवसा जाड दिसणारी रेष रात्रीच्या नकाशात पुसट झाली की तो तुकडा मी उजाडल्यावरसाठी ठेवते. दादरपासून वरळीपर्यंतची रेष अंधारातही टिकून होती, मलबार हिलवरची बारीक झाली. म्हणून अंधाराचा भाग वरळीत संपवायचा आणि टेकडीवर पोचेपर्यंत उजेड व्हायला हवा असं गणित बसवलं.

शनिवारी सकाळी शिवाजी पार्कला फक्त आठ किलोमीटर, पाय मोकळे करायला. पार्काला बाहेरून कट्ट्याने एक फेरी म्हणजे सव्वा किलोमीटरच्या आत-बाहेर. काय ते वातावरण, पहाटे साडेपाचला अर्धं दादर कट्ट्यावर, आत नेटमध्ये पोरांची बॅट वाजतेय, कोणी हसण्याचा व्यायाम करतंय, कोणी नुसतं पेपर घेऊन बसलंय. तिथे एक काका भेटले, वय पासष्टच्या पुढे असेल, पातळ अंगाचे, टोपीवर मिठाचे जुने डाग. तीन फेऱ्या एकाच पेसने, म्हणजे एकाच वेगाने, शेजारी शेजारी पळालो मग आपोआप बोलणं सुरू झालं. मी सांगितलं उद्या तीस आहे, असा असा रूट काढलाय. त्यांनी थांबून फोनवर नीट बघितला.

म्हणाले, "मुली, रस्ता चांगला काढलायस. कॅडेल रोडने सिद्धिविनायकावरून जा, तिथे पहाटे कायम जाग असते. मंगळवारी मात्र त्या बाजूला पळू नकोस, सोमवारी रात्रीपासून लोक अनवाणी चालत येतात दर्शनाला, फूटपाथ भरलेला असतो. आणि येताना खालून कोस्टल रोडच्या कडेच्या प्रोमेनाडने येऊ नकोस, पेडर रोडने ये."

मी म्हटलं, "काका, पण तिकडे चढ आहे ना?"

"म्हणूनच ये. मॅरेथॉनला तो चढ शेवटी शेवटी येतो, पाय संपलेले असताना. आत्ता एकदा दमलेल्या पायांनी चढून बघ, म्हणजे त्या दिवशी नवीन वाटणार नाही. घड्याळ बघू नकोस चढाला."

हे कुठल्याच नकाशात नाही. मी घरी जाऊन रूट परत आखला, जाताना समुद्राने आणि येताना पेडर रोडने. हे खरंच दोन मिनिटांचं काम, बोटाने रेष ओढायची, ॲप आपोआप लोकांच्या वहिवाटीच्या रस्त्यावर नेऊन बसवतं, किलोमीटर आणि चढ-उताराचा आलेख खाली दिसतो. घड्याळात पाठवला.

आता रविवार. पावणेपाचला उठले, ताई पण उठली, केळं आणि राजगिऱ्याचा लाडू खाल्ला, कमरेच्या पट्ट्यात दोन छोट्या बाटल्या, एकीत साधं पाणी आणि एकीत ओआरएस, खिशात खजूर, पन्नासच्या चार नोटा आणि लोकलचा पास नव्हता म्हणून सुट्टे पैसे. सव्वापाचला निघाले. साताऱ्यात या दिवसांत हातमोजे लागतात, इथे पहिल्या किलोमीटरलाच मानेवर घाम. हवा गार वाटते पण दमट, त्यामुळे मी नेहमीच्या पेसपेक्षा किलोमीटरमागे वीस सेकंद आधीच सोडून दिले आणि त्याचा शेवटी फायदा झाला.

सिद्धिविनायकाजवळ फुलवाल्या बायकांनी टोपल्या मांडल्या होत्या, चहाच्या सायकली फिरत होत्या, एकटं वाटलं नाही. वरळी सी फेसला पोचले तेव्हा अजून अंधारच, पण काठावर दिवे आणि चालणारी माणसं. आर. के. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनच्या पुतळ्यापाशी एक ग्रुप स्ट्रेचिंग करत होता, त्यातली एक म्हणाली, "ताई, एकट्या आहात का, आमच्याबरोबर चला की." हाजी अलीपर्यंत त्यांच्याबरोबरच गेले.

सी फेसवरून खाली भुयारी वाटेने कोस्टल रोडच्या प्रोमेनाडवर आलो. हा प्रोमेनाड म्हणजे या सगळ्या प्रकारातली सगळ्यात मोठी चीज आहे, त्याबद्दल जरा जास्त लिहिते. कोस्टल रोड २०२४ च्या मार्चपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि त्याच्या समुद्राकडच्या बाजूचा चालायचा मार्ग १५ ऑगस्ट २०२५ ला लोकांसाठी उघडला. पूर्ण साडेसात किलोमीटरचा आहे, त्यातले सव्वापाच तेव्हा खुले झाले, एक तुकडा वरळी ते बडोदा पॅलेस आणि दुसरा हाजी अली ते प्रियदर्शनी पार्क. इतका रुंद आहे की पंधरा माणसं ओळीने पळाली तरी कोणाला कोणाचा कोपर लागणार नाही. एकीकडे समुद्र, एकीकडे गाड्या, मध्ये तुम्ही. सिग्नल नाही, रस्ता ओलांडायला नको, कुत्री दिसली नाहीत, पायाखाली खड्डा नाही. मुंबईत एका दमात एवढं अंतर न थांबता पळता येईल असं मला कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा, आत शिरायला आणि बाहेर पडायला ठराविक ठिकाणीच भुयारी वाटा आहेत. मधेच तहान लागली, पोटात दुखायला लागलं, तर समोर शहर दिसतं, दुकानाचे दिवे दिसतात आणि मध्ये वेगात गाड्या, तिकडे जाता येत नाही. पुढच्या वाटेपर्यंत जायचंच. म्हणून पाणी बरोबर हवं आणि आत शिरायच्या आधी संडासला जाऊन आलेलं बरं. दुसरं म्हणजे सावली अजिबात नाही. सकाळी आठनंतर तिथे पळायला जाऊ नये, मार्चनंतर तर मुळीच.

दोन तुकड्यांच्या मधलं अंतर हाजी अलीच्या बाजूने मुख्य रस्त्याच्या फूटपाथवरून काढलं, तेवढं जपून, फरशा वरखाली आहेत आणि बसथांब्यांची गर्दी. परत प्रोमेनाडवर उतरले आणि तेव्हाच उजाडायला लागलं. ओहोटी होती. हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट दोन्ही बाजूंनी ओल्या काळ्या खडकांत उघडी पडली होती, भरतीला हीच वाट पाण्याखाली जाते, आणि खडकांवर बगळे एका पायावर उभे. मागे वळून बघितलं तर सी लिंकच्या तारा गुलाबी आभाळात अगदी बारीक दिसत होत्या. मी थांबले. लाँग रनमध्ये मी थांबत नाही, घड्याळ पण बंद केलं नाही, नुसती उभी राहिले मिनिटभर. यवतेश्वरच्या घाटात सकाळी धुकं खाली राहतं आणि आपण वर येतो तेव्हा असं होतं, त्यानंतर आत्ताच झालं.

प्रियदर्शनी पार्कला सुमारे अकरा किलोमीटर झाले. तिथे ४०० मीटरचा सिंथेटिक ट्रॅक आहे, समुद्राला लागून, पोरं स्प्रिंट मारत होती. तिथून नेपियन सी रोडने वर चढायचं, तीन बत्तीवरून वाळकेश्वरच्या उताराने चौपाटीला. झाडी आहे, रविवारी सकाळी गाड्या कमी, आणि उताराला एकदम समोर मरीन ड्राइव्हची अख्खी कमान उघडते. चौपाटीवर टिळकांचा पुतळा आहे, १९२० साली त्यांच्यावर इथेच अंत्यसंस्कार झाले होते, मी दरवेळी तिथून जाताना हात जोडते, पळता पळता सुद्धा.

मरीन ड्राइव्ह ३.६ किलोमीटर. पूर्ण गेले असते तर तीसच्या वर गेलं असतं म्हणून घड्याळात पंधरा पडले तिथून वळले. मरीन ड्राइव्हबद्दल मी नवीन काय सांगणार, सपाट, रुंद, एका बाजूला लाटा अडवणारे काँक्रीटचे टेट्रापॉड आणि दुसऱ्या बाजूला त्या गोल गच्च्यांच्या आर्ट डेको इमारती, ज्यांना २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं. फक्त रविवारी सातनंतर फार गर्दी होते, फोटो काढणारे, सायकलवाले, पेसने पळायचं असेल तर सहाच्या आत यावं किंवा मधल्या वारी.

येताना काकांनी सांगितल्याप्रमाणे बाबुलनाथावरून केम्प्स कॉर्नर आणि पेडर रोड. पाटीवर डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग असतं पण कोणाला विचारायचं तर पेडर रोडच म्हणावं लागतं. चढ यवतेश्वरच्या मानाने काहीच नाही, खरं सांगते, पण अठरा-एकोणीस किलोमीटर झालेले, हवा दमट, आणि चढ असा हळूहळू येतो की डोळ्यांना दिसत नाही, पोटऱ्यांनाच कळतो. मी घड्याळ बघितलं नाही. माथ्यावर एका इमारतीच्या वॉचमन दादांनी न विचारता बाटली भरून दिली. "मॅरेथॉनला आमच्या इथे संत्री वाटतात, या तेव्हा," म्हणाले.

तिथून महालक्ष्मीकडे उतार, हाजी अली, वरळी, प्रभादेवी. चोवीसनंतर ओआरएस संपलं, एका टपरीवर शहाळं घेतलं, उभ्याने प्यायले, मलई नाही खाल्ली, पोटात डचमळतं. शिवाजी पार्कला शेवटची अर्धी फेरी काढून तीस पूर्ण केले तेव्हा नऊ वाजत आले होते, ताई आणि भावजी कट्ट्यावर बसलेले. भावजींनी आधीच ठरवलं होतं, सेनाभवनासमोर आस्वादमध्ये मिसळ. याच मिसळीला २०१५ मध्ये लंडनच्या एका पुरस्कारात जगातला सर्वात चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हटलं होतं. रांग होती, थांबलो, तीस किलोमीटरनंतर ती तर्री... जाऊदे, तो वेगळा विषय आहे. संध्याकाळी साखरपुड्यात जिने उतरताना कठडा धरून उतरले पण उतरले.

सोमवारी आराम, आणि बरंच झालं, कारण संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं. हीटमॅपवर हे कळत नाही, बोरिवलीची रेष सोमवारीही तेवढीच झळाळते. मंगळवारी दादरहून फास्ट लोकल पकडून बोरिवली, उलट्या दिशेला म्हणून सकाळी बसायला जागा मिळाली. गेटपासून कान्हेरी लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरचा डांबरी रस्ता, आधी सपाट, मग शेवटी चांगला चढ. मी हळूहळू गेले, मधे मधे चालत. शहराचा आवाज दुसऱ्याच किलोमीटरला बंद होतो, एवढ्या मोठ्या मुंबईच्या पोटात शंभर चौरस किलोमीटरच्या वर जंगल आहे हे नकाशात बघणं वेगळं आणि नाकाने ओल्या पाचोळ्याचा वास घेणं वेगळं. वर शंभरावर लेणी, कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढी, त्यातल्या काहींत अजून पाणी. माकडं फार आहेत, हातात खाऊ दिसू देऊ नका.

इथेही रेष वाचायला लागते. जाड रेष हा मुख्य रस्ता, पण तिच्यातून जंगलात शिरणाऱ्या बारीक पुसट रेषाही दिसतात आणि मोह होतो. तिकडे जायचं नाही. वन विभागाच्या परवानगीशिवाय आत फिरता येत नाही आणि हे बिबट्यांचं घर आहे, अंधारात तर मुख्य रस्त्यावरही एकटं नको. पहाटे येणाऱ्या नेहमीच्या लोकांचे पास असतात, पाहुण्यांनी तिकीट खिडकी कधी उघडते ते विचारून जावं. लेण्यांचं तिकीट वेगळं.

बाकी ठिकाणी यावेळी गेले नाही पण आधी पळालेय म्हणून दोन ओळी. नवी मुंबईत पाहुणे असाल तर पाम बीच रोड, वाशी ते बेलापूर, सरळ सपाट, खाडीची तिवरं, आणि हिवाळ्यापासून मेपर्यंत तिथल्या पाणथळीत फ्लेमिंगो, टेम्पो रनला, म्हणजे एका जोरकस वेगात न थांबता पळायला, उत्तम, पण गाड्या सुसाट असतात म्हणून उजाडल्यावरच. कार्टर रोड आणि बँडस्टँड सुंदर आहेत पण प्रत्येकी सव्वा किलोमीटरच्या आसपास, लाँग रनला एवढ्या फेऱ्या नको वाटतात.

पैशांचं विचाराल तर, वर्षातून एखाददुसऱ्या वेळी परगावी पळणाऱ्यांनी फुकटचा हीटमॅप बघून रस्ता कागदावर उतरवून घेतला तरी पुरे. ज्यांना कामानिमित्त दर महिन्याला वेगळ्या शहरात जावं लागतं, आणि खास करून ज्या बायका अंधारात एकट्या निघतात, त्यांनी सबस्क्रिप्शन घ्यावं, रात्रीचा आणि आठवड्याचा नकाशा दोन्ही त्यातच येतात आणि माझ्या मते खरी किंमत त्या दोनांचीच आहे. पाचपैकी चार देते. एक कमी यासाठी की पाणी, संडास, गेटच्या वेळा, बंदी यातलं काही त्या रेषेत नसतं, ते आपल्याला विचारूनच काढावं लागतं.

आणि सेटिंगमधे जाऊन एक काम नक्की करा. आपण जिथे उतरलोय त्या पत्त्याभोवतीचा भाग लपवता येतो, म्हणजे पळायला कुठून निघालो आणि कुठे थांबलो ते बाहेरच्यांना दिसत नाही. नातेवाइकांच्या घरी राहत असाल तर तो पत्ता त्यांचा आहे, आधी लपवा मग पळा. मी शुक्रवारी रात्रीच केलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी पार्कात चहा घ्यायला गेले तर काका कट्ट्यावर भेटले. तीस कसे झाले विचारलं, पेडर रोड कसा वाटला विचारलं. मग खिशातून फोन काढून म्हणाले, "तो तुझा रूट माझ्या घड्याळात टाकून दे, मी वीस वर्षं इथे पळतोय पण त्या नवीन प्रोमेनाडवर अजून गेलो नाहीये." टाकून दिला. रविवारी पाच वाजता निघतो म्हणाले.